नागलीची कणसं आणि अधिक महिना

त्या दिवशी सभागृहात ती कणसं फिरवायला मीच सांगितलं होतं.

एवढंच वाक्य आहे. अठरा-एकोणीस वर्षं झाली, ते मी कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोला त्या स्पर्धेचा फोटो माहीत आहे, तुळशीराम नावाचा मित्र माहीत आहे, त्याच्या आईच्या हातची नागलीची भाकरी मी खाल्ली होती हेही माहीत आहे. हे वाक्य माहीत नाही. तुळशीरामलाही नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्याचा एक फायदा असतो: त्याने काय लपवलंय, हे त्याला कुणी विचारत नाही.

यंदाही डिसेंबर आला. नाशिकची थंडी आधी कानांना लागते, मग बोटांना. सकाळी कॉलेजला जाताना मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागांवर धुकं बसलेलं असतं. फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज त्यातून येतो, ट्रॅक्टर दिसत नाही. स्टाफरूमच्या टेबलावर पत्रकं येऊन पडलेली असतात, कुणाच्या तरी स्मरणार्थ फिरता करंडक, आंतरमहाविद्यालयीन वादविवाद. नवे शिक्षक एखादं पत्रक माझ्याकडे सरकवतात. सर, तुम्ही परीक्षक म्हणून जा ना, तुम्ही तर हे दिवस गाजवलेत म्हणे. मी तास आहे असं सांगून उठतो. तासाला बारावीच्या मुलांना शिकवायचं असतं तेही नेमकं उत्क्रांतीच. अभ्यासक्रमाचं वेळापत्रक कुणी आखलंय कोण जाणे. ते प्रकरण दरवर्षी माझ्यापुढे थंडीतच येतं.

नव्वदचं दशक नुकतं लागलेलं होतं. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कांद्याचा हंगाम असतो, द्राक्षाचा असतो, तसा आमच्यासाठी दिवाळीनंतरचे तीन महिने बोलण्याचा हंगाम. शनिवारी पहाटेची एसटी पकडायची, सिन्नर, निफाड, मनमाड, जिथे स्पर्धा असेल तिथे उतरायचं. हॉलच्या मागे चाळीसेक पोरं-पोरी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत असायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी देवळात आलो. तीच तीच तोंडं सगळीकडे भेटायची. येवल्याचा एक जण विषय कोणताही असो, दशावतारांवर यायचा. मत्स्य, कूर्म, वराह, म्हणजे हे सगळं आपल्याकडे आधीच सांगितलेलं होतं. दर वेळी टाळ्या घ्यायचा. तुळशीराम त्याला एकदा शांतपणे म्हणाला होता, वराहानंतर थांब, पुढच्या अवताराचं हाड कुणी दाखवायला मागितलं तर पंचाईत होईल.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांना एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावर उभं आहे. एका कॉलेजचा संघ म्हणजे दोघं जण. एक विषयाच्या बाजूने बोलणार, दुसरा विरुद्ध. दोघांचे गुण एकत्र करायचे आणि त्यावर करंडक. म्हणजे ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच बरोबर तयारी करायची, त्याच्याच डब्यातलं खायचं, परतीच्या एसटीत त्याच्याच खांद्यावर डोकं टाकून झोपायचं. तो चांगला बोलला तर आपला फायदा. आपण त्याला खोडून काढलं तर आपला आणखी फायदा. शेवटी बाजूने बोलणाऱ्याला उत्तरासाठी तीन मिनिटं मिळायची. त्या तीन मिनिटांत कितीतरी हरलेले डाव फिरलेले मी पाहिले आहेत.

त्या हंगामातल्या शेवटच्या, सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा विषय होता, ‘उत्क्रांतिवाद पुराव्यांच्या कसोटीला उतरतो’. आम्ही चिठ्ठी टाकली. तुळशीराम बाजूने, मी विरुद्ध. माझा स्वतःचा उत्क्रांतीवर पूर्ण विश्वास होता, हेही लिहून ठेवतो. त्याने माझी बाजू सावरत नाही. उलट जास्त बिघडते.

तुळशीराम सुरगाण्याच्या डोंगरातला, शहरातल्या आदिवासी वसतिगृहात राहायचा. त्याचं बोलणं सावकाश. प्रश्न विचारला की आधी तो प्रश्न उलटापालटा करून बघायचा, मग तोंड उघडायचा. पोरं त्याला जुना रेडिओ म्हणायची, तापल्याशिवाय लागत नाही म्हणून. तो माझ्यावर त्याचा वचपा काढायचा. म्हणायचा, हा खाली मुका असतो आणि व्यासपीठावर चढला की पोपट होतो. याला पायऱ्या मोजून द्या.

त्याच्याकडे एक दोनशेपानी वही होती. उजव्या पानावर पुरावे. वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर आणि माणसाचा हात यांतली हाडं तीच आणि त्याच क्रमाने. खडकाच्या खालच्या थरात साधे जीव, वरच्या थरात गुंतागुंतीचे. अक्कलदाढ, जिचा आता फक्त त्रास. द्राक्षावरची भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, जिच्यावर पूर्वी एका फवारणीत भागायचं आणि आता तेच औषध लागू पडत नाही. सुट्टीच्या दिवशी तो बागांवर फवारणीला जायचा. सोमवारी त्याच्या नखांच्या कडा मोरचुदाने निळसर असायच्या. मालक म्हणे औषधात भेसळ आहे. तुळशीरामने लिहिलं होतं, भेसळ नव्हे, जी भुरी वाचली तिचीच पोरं आता बागेत आहेत.

आणि डाव्या पानावर शंका. स्वतःच्याच. अर्ध्या डोळ्याचा उपयोग काय? मधले दुवे इतके कमी का सापडतात? माणूस निवडतो तेव्हा ठीक, रानात कोण निवडतं? डाव्या पानाला तो जास्त वेळ द्यायचा. विषय ठरल्यावर त्याने ती वही माझ्या हातात ठेवली. म्हणाला, “घे. माझी सगळी भोकं यात आहेत. तुला कमी पडायला नको.”

इतका विश्वास माझ्यावर नंतर कुणी टाकलेला मला आठवत नाही. टाकला असेल तर मी टाळला असेन.

त्याचा सगळ्यात मोठा पुरावा त्याची आई होती. दरवर्षी भात-नागली निघाली की त्यांच्या गावची माणसं खाली द्राक्षावर यायची, चार महिने बागेच्या कडेला पाल ठोकून राहायची. त्याची आई पिंपळगावच्या बाजूला एका बागेत घडांच्या विरळणीला होती. एका रविवारी आम्ही दोघं सायकलवरून तिकडे गेलो. पालात आत वाकून जावं लागलं. चुलीचा धूर, खोबरेल तेल आणि द्राक्षाच्या कोवळ्या पानांचा आंबूस वास. वर बांबूला फडक्यात बांधलेल्या दोन जुड्या टांगलेल्या. तिकडे गावी घर चार महिने बंद, उंदीर बी ठेवत नाहीत, म्हणून ती आपलं बियाणं बरोबर घेऊन यायची. माणसांबरोबर बीसुद्धा मजुरीला यायचं.

नागली म्हणजे नाचणी. एका जुडीतली कणसं लांब, सैल बोटांची. ती गरवी, उशिरा पिकणारी. दुसऱ्या जुडीतली आखूड, मूठ आवळल्यासारखी. ती हळवी, लवकर पिकणारी. ती हळवी त्यांच्या गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तुळशीराम तिसरीत असताना पाऊस लवकर गेला होता आणि गरवीच्या वावरात फक्त चार-पाच ताटं भरली होती. त्याच्या आईने ती कणसं वेगळी ठेवली. पुढच्या साली त्यांतली जी सगळ्यांत आधी पिकली, ती. त्याच्या पुढच्या साली त्यांतली. असं बारा-तेरा वर्षं. कापणीच्या आधी ती एकटी वावरात फिरायची आणि कणसं निवडायची. त्या दिवशी कुणाला वावरात येऊ द्यायची नाही.

भाकरी थापता थापता तिच्या अंगठ्यावरचा विरळणीच्या कात्रीचा घट्टा परातीला लागून आवाज करत होता. तुळशीरामने तिला डाव्या पानावरची शंका विचारली. आई, तू निवडतेस म्हणून ठीक, पण रानात कोण निवडतं?

ती हसली. “कोण कशाला पायजे? पाऊस लवकर गेला की गरवी पोचट राहती. जी भरली तीच पुढल्या साली उगवंल ना.”

तुळशीरामने माझ्याकडून वही घेतली आणि डाव्या पानावरची ती शंका पेन्सिलने खोडली. एवढ्या मोठ्या सिद्धांताला इतकं थोडक्यात सांगताना मी त्यानंतर कुणाला ऐकलेलं नाही. स्वतः शिकवताना तर नाहीच.

मात्र त्याच्या पुराव्यात एक खोट होती आणि ती त्यानेच शोधली होती. आईचा हिशेब सणांवर चाले. आधी दिवाळीला पिकायची, मग कोजागिरीला, आता दसऱ्याच्या आत पिकते. पण दर तीनेक वर्षांनी पंचांगात अधिक महिना येतो आणि सण उशिरा येतात. दसरा कधी सप्टेंबरच्या अखेरीस, कधी ऑक्टोबर संपत आल्यावर. मग नागली आधी पिकायला लागली, की दसराच उशिरा आला? डाव्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: हे तपासल्याशिवाय आईचा पुरावा उभा करू नये.

आम्ही ते तपासलं. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसच्या कॉलनीत आमचं घर. आजोबांना जुनं पंचांग टाकायची सवय नव्हती. फळीवर वीस वर्षांची रचून ठेवलेली होती. एका दुपारी गच्चीत उन्हाला पाठ करून बसलो. मी साल वाचायचो, तो सणाची इंग्रजी तारीख लिहायचा. अधिक महिन्याचा सगळा घोळ वजा केला, तरीही हळवी जवळजवळ तीन आठवडे आधी पिकत होती. तुळशीरामने तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला. तो फार आनंद दाखवणारा नव्हता. त्या दिवशी मात्र निघताना त्याने माझ्या आजोबांच्या फोटोला नमस्कार केला.

हे मला माहीत होतं. पंचांगं माझ्या घरची होती.

स्पर्धा लासलगावच्या बाजूला एका कॉलेजात होती. लाल कांद्याचे दिवस. बसमधून उतरल्यापासून नाकात तो ओला, उग्र वास. हॉलच्या खिडकीतून लिलावाचे आवाज येत होते, आकडा चढत जायचा आणि मध्येच तुटायचा. तुळशीरामची आई आली होती, बागेतल्या दोन बायकांना घेऊन, सगळ्यात मागच्या बाकावर, पदर डोक्यावर घेऊन. कणसं तिनेच आणली होती. हळवीचं सगळं बी त्या एका जुडीत होतं. तुळशीरामने दोन-चारच कणसं मागितली होती, तिने पूर्ण जुडी दिली. पोराने लोकांना दाखवायचं तर नीट दाखवावं. दाखव आणि परत आण, एवढंच म्हणाली.

तो त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण करत होता. स्टीलच्या दोन पेल्यांत कणसं, एकात गरवी, एकात हळवी. हॉल गप्प होता. लिलाव ऐकू येत होता इतका गप्प. मी शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि मला कळत होतं की मी संपलो. मित्राचा अभिमान वाटायला हवा होता, तो वाटलाही. पण त्याच्या आत दुसरं काहीतरी उठून बसलं. माझ्या पलीकडे घंटा वाजवणारा स्वयंसेवक होता. मी त्याच्याकडे झुकून म्हणालो, यांचं झालं की ती कणसं जरा प्रेक्षकांत फिरवा, मागच्यांना दिसत नाहीयेत.

त्यामागचं गणित एवढंच होतं की मी उभा राहीन तेव्हा कणसं लोकांच्या हातात असावीत. तुळशीराम बसला, स्वयंसेवकाने दोन्ही पेले उचलले आणि खाली दिले. तुळशीराम अर्धा उठला. तेवढ्यात माझ्या नावाची घंटा झाली. प्रतिपक्ष बोलत असताना जागा सोडायची नाही, असा दंडक होता. तो बसला.

मी म्हणालो, मित्रहो, तुमच्या हातात काय आहे ते नीट पाहा. बारा वर्षं एका माउलीने निवड केली. नागलीचा गहू झाला का? नागलीची नागलीच राहिली.

हॉल हसला. नागली हा शब्दच तेव्हा हसण्याजोगा होता. ते कुणाचं अन्न आहे हे हॉलला ठाऊक होतं. मला तर चांगलंच ठाऊक होतं. उत्क्रांतिवाद नागलीचा गहू होईल असं कधीच म्हणत नाही, हेही. मग मी त्याने दिलेली वही उघडली आणि माझ्या सन्माननीय प्रतिस्पर्ध्याच्याच हस्ताक्षरात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. हे तपासल्याशिवाय आईचा पुरावा उभा करू नये. म्हणालो, बारा वर्षांत नागली लवकर आली नाही, दसरा उशिरा आला. हा उत्क्रांतीचा नव्हे, अधिक महिन्याचा प्रताप आहे. परीक्षकसुद्धा हसले. शेवटच्या पानावरचा तक्ता माझ्या अंगठ्याखाली होता. मी तो उलटला नाही.

सात मिनिटं. तुळशीराम माझ्याकडे पाहतच नव्हता. तो रांगेरांगेने कणसांच्या मागे नजर नेत होता. कुणी हातावर चोळून फुंकर मारत होतं, कुणी दाणे दातांखाली धरून बघत होतं. कुणी पुढच्याच्या मानेवर टाकत होतं. दोन्ही पेल्यांतली कणसं एकमेकांत गेली होती. मी बोलत होतो आणि ते सगळं मला दिसत होतं. थांबायचं कसं, हे व्यासपीठाने कधी शिकवलं नव्हतं. असं म्हणतो खरा, पण ते शिकवावं लागत नाही.

त्याच्या उत्तराची घंटा झाली तेव्हा तो खाली बाकांमध्ये गुडघ्यांवर होता. शेजारी त्याची आई. दोघं फरशीवरचे दाणे गोळा करत होते. निवेदकाने त्याचं नाव दोनदा घेतलं. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. तीन मिनिटं भरल्याची घंटा रिकाम्या माईकपुढे झाली.

आईने ओंजळ खिडकीच्या उजेडात धरली. मी तोवर खाली आलो होतो. ती कुणावर चिडली नव्हती. “आता यातली ती कोणती, कोण सांगंल?” एवढंच म्हणाली. दाणे सगळे सारखे, तांबूस, मोहरीएवढे.

करंडक आम्हालाच मिळाला. त्याच्या भाषणाचे गुण आणि माझ्या भाषणाचे गुण मिळून आम्ही पहिले. दोघांनी एकेका कानाला धरून तो उचललाय, असा फोटो आहे. तुळशीरामच्या दुसऱ्या हाताची मूठ बंद आहे.

त्याने पुढे एम.एस्सी. केलं नाही, डोंगरातच आश्रमशाळेवर लागला. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तसं म्हणण्यातही स्वतःला मोठं करणं आलं. पण पुढच्याच साली पाऊस भाद्रपदात गेला, गरवी पोचट राहिली, आणि त्यांचं घर महिनाभर आधी द्राक्षावर उतरलं. हे मला वसतिगृहातल्या दुसऱ्या मुलाने सांगितलं. मी बरं, एवढंच म्हणालो.

दोन हजार पाचच्या सुमाराला तो मला जुन्या सीबीएस स्टँडवर भेटला. कानशिलांवर केस पांढरे, खांद्याला शबनम, तीच सावकाश बोलण्याची रीत. चहा घेतला. आईने पुन्हा सुरू केलं होतं, म्हणाला, त्या मिसळलेल्या ओंजळीतूनच. आठ-नऊ वर्षं निवडलं. मग गुडघे गेले. सुनेला वेळ नाही, आणि आता सोसायटीचं बी मिळतंय. मी विचारलं, आई कशी आहे. बसून असते, म्हणाला, तुझी आठवण काढते; तो मुका पोरगा काय करतो विचारते.

मग बशीतला चहा फुंकत म्हणाला, “ती कणसं फिरवायची बुद्धी कुणाला झाली कोण जाणे. आई म्हणते, असंल कुणी हौशी.”

मी म्हणालो, “अधिक महिन्याचं मी बोलायला नको होतं.”

“का? तुझी बाजूच ती होती. तू काय करणार?”

त्याने मला त्याच नियमाच्या आड बसवलं, ज्याच्या आड मी इतकी वर्षं बसलो होतो. तोंडापर्यंत आलं होतं. सुरगाणा गाडी फलाटाला लागली, तो उठला. गाडी सुटायला पुढे दहा मिनिटं होती. मी ती दहा मिनिटं खिडकीखाली उभा राहून त्याच्याशी बदल्यांबद्दल बोललो.

वर्गात मी दरवर्षी फळ्यावर दोन कणसं काढतो, एक सैल, एक आवळलेलं. एका बाईने बारा वर्षं अशी निवड केली, असं सांगतो. मुलांना ते उदाहरण पाठ्यपुस्तकातल्यांपेक्षा जास्त कळतं. विरुद्ध बाजूचे आक्षेपही सांगतो, पंचांगाचासुद्धा, आणि त्यांची उत्तरंही सांगतो. नाव सांगत नाही. परवा त्र्यंबककडची एक मुलगी उभी राहिली. सर, ते बी आता कुठे मिळेल? म्हटलं, आता नाही मिळत. तिने विचारलं, का? मी तिला खाली बसवलं आणि पुढचा मुद्दा लिहायला घेतला. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

हे छापून आलं तरी तुळशीराम वाचेल असं नाही. वाचलं तरी ते सांगणं नव्हे. कागदावर माझं कुणी अडवत नाही, व्यासपीठावरही अडवलं नव्हतं. त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे. नाशिकहून सुरगाण्याला दिवसाला कितीतरी गाड्या जातात. मी गेलेलो नाही, आणि उद्या जाईन असंही छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण मी स्वतःला इतकी वर्षं ओळखतो.

बी परत देता येणार नाही. मी तुळशीरामला त्याच्या उत्तराची तीन मिनिटं देणं लागतो, ज्यात तो बोलेल आणि मी ऐकेन. त्याच्या आईला खरं सांगणं लागतो. यांतलं काहीच मी अजून दिलेलं नाही.